तळ्याविषयीचं वाक्य

सोमवारी रात्री साडेनऊला खेळाची किल्ली आली,
पंचवीस अक्षरांची,
आणि खाली वॉर्साहून मझेनाची एक ओळ:
बोग्ना, गुरुवारी दुपारी तीनला बंदी उठते.
तीन म्हणजे तीन.

खेळ साठ तासांचा.
हातात साडेपासष्ट.
उरलेल्या साडेपाचात झोप, जेवण, आंघोळ
आणि नऊशे शब्द.
(खेळ उतरवून घेण्यातच सव्वा तास गेला.
आंघोळ वजा केली.)

मग मी धावत सुटले.
माणसं बोलायला तोंड उघडायची
आणि मी बटण दाबून
त्यांचे शब्द त्यांनाच गिळायला लावायचे.
एका विधवेनं मुलाचं नाव सांगितलं,
मला तिनं दिलेली कुदळ तेवढी आठवते.
डोंगरामागून सूर्य वर आला,
कुणीतरी दोन हिवाळे बसून रंगवलेला.
मी वहीत लिहिलं: प्रकाश चांगला.
तळं लागलं. लिहिलं:
देखणं, पण रिकामं. नुसती सजावट.
हे वाक्य मला आवडलं.
घाईत सुचलेली वाक्यं फार आवडतात,
ती गोळीबंद असतात.

बुधवारी संध्याकाळी बाबा आले,
बरणीत बीटाचं सार, कागदात खारवलेल्या काकड्या.
एकतीस वर्षं ग्दान्स्कची ट्राम चालवलेला माणूस.
त्यांना घड्याळ समजावून सांगावं लागत नाही.
दोन मिनिटांपर्यंत उशीर नसतो, म्हणाले,
ती रहदारी.
तिसऱ्या मिनिटाला अर्ज भरावा लागतो.
मग कोट न काढताच बघत बसले
आणि बऱ्याच वेळानं:
या तळ्यापाशी थांबत का नाहीस?
तिथं काही नाही, बाबा.
स्टॉपवर माणूस नसला तरी
आम्ही दार उघडायचो, म्हणाले.
मी उत्तर दिलं नाही. समोर अस्वल होतं.

पहाटे पाचला माझी मान पडली.
सातला जाग आली तेव्हा
कंट्रोलर बाबांच्या हातात,
ब्रेकच्या दांड्यासारखा घट्ट धरलेला.
चालायचं कसं ते त्यांना सापडलं नव्हतं.
दोन तास ते तळ्याकाठी नुसते उभे होते.
आणि पडद्यावर, धुक्यातून,
एक होडी काठाला लागली होती.

कधी आली ही?
मघाशीच. तो पोरगा बराच बोलला.
बोलणं कापायचं बटण बाबांना माहीत नव्हतं,
त्यांनी सगळं ऐकलं होतं.
आईला निरोप द्यायला सांगतोय.
नावही सांगितलं त्यानं, कुठलं तरी अवघड,
मला वाटलं तुला ठाऊक असेल.

मला कुदळ ठाऊक होती.

शेवटचे अकरा तास उरलेच नव्हते; शेवट मी
दुसऱ्या कुणाच्या चित्रफितीत पाहिला, दुप्पट वेगानं,
आणि हे लेखात लिहिलं नाही.
दोन वाजून एकोणपन्नास मिनिटांनी
तळ्याविषयीचं वाक्य खोडलं.
त्या जागी काय लिहावं?
तिथं कुणीतरी येतं, हे सांगितलं
तर ते येणं मी वाचकांच्या हातून काढून घेणार,
आणि न सांगावं तर
माझ्या लेखात तळंच नाही.
जागा तशीच ठेवली.
आठशे त्र्याण्णव शब्द. गुण सात.
सातच का, ते मला अजून विचारू नका.

तीनला सगळ्यांचे लेख एका दमात उगवले.
दोघांनी तळ्याला रिकामं म्हटलं होतं.
मझेनानं अंगठा पाठवला,
आणि लगेच पुढची किल्ली, चाळीस तासांची.

बाबांनी बूट चढवले, मनगटाकडे पाहिलं.
वेळेत पोचलीस, म्हणाले,
त्यांच्याकडून ही मोठीच पावती.

दार लागल्यावर मी वळले.
होडीतला तो
वल्ह्यावर हात ठेवून अजून थांबला होता.
कोपऱ्यात बटणाची खूण लुकलुकत होती:
पुढे.
ती दाबली नाही.
त्या विधवेचं गाव बरंच मागं राहिलं होतं.
मी निघाले,
न धावता.